एकेचाळीस सेंटिमीटर

१४ सप्टेंबर

आदेल्मोला जाऊन अकरा दिवस झाले. शाळेतून निवृत्त होताना आणलेल्या चौकटींच्या वह्यांपैकी एक उरली होती, ती काढली आहे. मला मन वगैरे मोकळं करायचं नाही. दिवस कुठे जातो याची नोंद असावी, एवढंच.

आज गिल्दो आला. हा बोचेच्या, म्हणजे लाकडी गोळ्यांच्या खेळाच्या, क्लबाचा पंच. किल्ल्या, फीत, दाताळं, सगळं त्याच्या ताब्यात. टोपी हातात गोल गोल फिरवत दारातच उभा राहिला.

"आत या, नाहीतर दार लावा. माशा येतात," मी म्हणाले.

"क्लेलियाबाई, त्याचा डाव अर्धा राहिलाय. एकदा येऊन बघता का?"

क्लब रस्त्याच्या पलीकडेच आहे, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. तरी चाळीस वर्षांत मी आत पाऊल टाकलं नव्हतं. पत्र्याच्या छपराखाली दोन लांब पट्टे आहेत, बारीक वाळू दाबून सपाट केलेले, कडेला फळ्या. पहिल्यावर चौघे खेळत होते. दुसऱ्याच्या दोन्ही टोकांना दोरी बांधून तिला पांढरा रुमाल अडकवला होता. पलीकडच्या टोकाला सात गोळे आणि ती छोटी पांढरी गोटी, तीन सप्टेंबरला होती तशीच.

आठवा गोळा आदेल्मोच्या हातात होता. खेळताना कोसळला तरी त्याने तो सोडला नव्हता. हॉस्पिटलात बोटं एकेक करून उघडावी लागली. आता तो माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटावर आहे.

खेळ पोरकट आहे. आधी गोटी टाकायची. मग प्रत्येकाने आपापले चार गोळे तिच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. ज्याचा गोळा लांब त्याने पुन्हा टाकायचं. जवळच्याला गुण. बारा झाले की डाव संपला. इथे अकरा-अकरा होते. एवाझिओचे चारही गोळे टाकून झाले होते. आदेल्मोचा शेवटचा बाकी होता.

एवाझिओ म्हणजे आदेल्मोचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षं दोघे एकमेकांशी बोलले ते फक्त या पट्ट्यावर, आणि इथेही फक्त आकडे.

सवयीने मी गिल्दोच्या हातातली फीत घेतली. गोटीपासून एवाझिओचा सगळ्यात जवळचा गोळा तीस सेंटिमीटर. आदेल्मोचा एकेचाळीस.

"खुणा कुठे आहेत?" मी विचारलं. गोळा थांबला की त्याच्या कडेने वाळूत रेघ ओढायची, म्हणजे चुकून हलला तर जागेवर ठेवता येतो. एवढं मलाही माहीत आहे.

गिल्दो खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी राहून गेलं. हसत होतो आम्ही."

राहून गेलं! वर्गात असं उत्तर मी चालवून घेतलं नसतं. दोन्ही आकडे इथे लिहून ठेवते: ३० आणि ४१.

१६ सप्टेंबर

गिल्दो पुन्हा आला. आमच्या गावात अर्धा राहिलेला डाव पुसत नाहीत. मेलेल्याच्या घरातलं कोणी येऊन त्याचा उरलेला गोळा टाकेपर्यंत त्या पट्ट्यावर दाताळं फिरत नाही. मुदत संत मार्टिनच्या दिवसापर्यंत, अकरा नोव्हेंबर. त्या दिवशी क्लबाचं वर्ष संपतं. तोवर कोणी आलं नाही तर तो डाव झालाच नाही असं धरतात आणि पट्टा सपाट करतात.

घरातलं कोणी म्हणजे मी. मूलबाळ नाही.

नाही म्हणून सांगितलं. एकाहत्तराव्या वर्षी मी म्हाताऱ्यांचे गोळे टाकणार नाही.

२० सप्टेंबर

पहाटे जाग आली. लाकडावर लाकूड हलकेच आपटल्यासारखा आवाज, एकदाच. खिडकीतून पाहिलं तर क्लबात अंधार.

दहा वाजता गिल्दोकडून किल्ली घेऊन मोजलं. आदेल्मोचा गोळा ३९. पहिल्या वेळी माझंच चुकलं असेल. माझं सहसा चुकत नाही.

२४ सप्टेंबर

कपाटावरचा गोळा सकाळी जमिनीवर होता, बाहेरच्या दाराला टेकलेला. पडल्याचा आवाज मी ऐकला नाही. लाकडी गोळा, सव्वा किलोचा.

घर जुनं आहे, जमिनीला उतार असणार म्हणून बशीत पाणी घेऊन तपासलं. उतार आहे, पण खिडकीकडे. दाराकडे चढ आहे.

गोळा पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

२८ सप्टेंबर

आज एक गोष्ट कळली, आणि ती मला नोर्माकडून कळावी याचा राग आला. नोर्मा क्लबातलं कॉफीचं दुकान चालवते. माझी विद्यार्थिनी होती, अपूर्णांकांत फार कच्ची.

"बाई, तुम्ही नाही म्हणालात असं ऐकलं. मग पैज पण बुडाली म्हणायची."

"कसली पैज?"

तिने जीभ चावली, पण मी पाहत राहिल्यावर बोलावंच लागलं. "त्या डावावर होती. जो हरेल त्याने दुसऱ्याच्या घरी जायचं. आधी त्याने जायचं, बाटली घेऊन, दार ठोठावायचं. साऱ्या गावासमोर ठरलं होतं. म्हणून तर सगळे हसत होते त्या दिवशी."

घरी येऊन वही काढली. एकोणीस वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हा एवाझिओ तुरिनला कारखान्यात होता. तीन महिने त्या अंथरुणावर होत्या, सगळं मी केलं. हा आला तो मातीच्या दुसऱ्या दिवशी, काळा टाय बांधून. दार मी उघडलं. "आता आलात? आता गरज नाही," म्हणाले आणि दार लावलं. आदेल्मो माझ्या मागे उभा होता, एक हात कोटाच्या बाहीत. तो काही बोलला नाही. माझं म्हणणं बरोबर होतं म्हणूनच बोलला नसणार.

म्हणजे आदेल्मोला एवढंच हवं होतं, की एवाझिओने हरावं आणि खाली मान घालून आमच्या दारात यावं. ते मी त्याला मिळवून देईन.

उद्या गिल्दोला सांगते. शिकवणी लावायची आहे.

२ ऑक्टोबर

पहिला धडा, पहिल्या पट्ट्यावर. बाकावरचे म्हातारे कोंबड्यांसारखे ओळीने बसले होते.

गिल्दो म्हणाला, "गुडघे वाकवा. अजून. चर्चमध्ये उभ्या नाही आहात, बाई, खाली या! गोळा तळव्यात धरा, पिळू नका. हात घड्याळाच्या लंबकासारखा मागे न्या आणि सोडा. फेकायचं नाही, सोडायचं."

पहिला गोळा फळीवर आपटला. दुसरा मध्येच थांबला.

"तो दमला, बाई!" नोर्मा काउंटरवरून ओरडली.

"तुझ्या दुधाच्या कॉफीवर वाढलेला असेल," मी म्हणाले. बाक हसलं. मी नाही.

खेळात दोन कामं असतात. एक, हळू घरंगळवत गोटीजवळ नेणं. दुसरं, समोरच्याचा गोळा मारून उडवणं. मारायला पळत येऊन उंच टाकावं लागतं. ते माझ्या गुडघ्यांना होणार नाही. मी फक्त पहिलं शिकणार.

आदेल्मोचा गोळा आज ३७.

९ ऑक्टोबर

पकडला! पहाटे तोच आवाज आला तेव्हा मी आधीच खिडकीशी उभी होते. उजाडायला लागलं होतं. एवाझिओ, लांब कोट घातलेला, दोरीखालून वाकून आत गेला. पट्ट्याच्या टोकाशी गुडघ्यावर बसला, काहीतरी केलं, आणि तसाच बसून राहिला, बराच वेळ. मग कोटाच्या बाहीने नाक पुसून निघून गेला. त्याला किल्ली कोणी दिली ते विचारणार नाही. सगळे एकाच माळेचे.

तर हा प्रकार आहे. रोज थोडा थोडा. सकाळी मोजलं: आदेल्मोचा गोळा ३४.

मात्र एक कळेना. फसवायचं तर स्वतःचा गोळा जवळ न्यायला हवा. त्याचा तर तीसवरच आहे. संध्याकाळी नोर्मा सहज म्हणाली की एवाझिओच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पेल्यातली माशीही दिसत नाही. म्हणजे बिचारा चुकीचा गोळा ढकलतो आहे! आदेल्मोच्या गोळ्यावर दोन वर्तुळं कोरलेली आहेत, त्याच्या गोळ्यावर एक. दिसत नसेल.

कोणाला सांगणार नाही. कॉपी करणाऱ्या पोराला मी कधी मध्येच उठवत नसे. पेपर पुरा लिहू द्यायचे, मग वही मागायचे.

१५ ऑक्टोबर

आज मी एका बाकवाल्याला बारा-आठने हरवलं. हाताला आता वजन कळतं. गोळा सुटतो त्या क्षणीच तो कुठे थांबेल ते कळतं, आणि मग काही करता येत नाही, नुसतं बघत राहायचं. आदेल्मो जेवताना कधी कधी असाच समोर बघत राहायचा. मी विचारायचे, "काय?" तो म्हणायचा, "काही नाही, गोळा अजून चाललाय." मला ते चिडवणं वाटायचं.

पिठाच्या डब्याचं झाकण सकाळी उघडं होतं. गोळा दारापाशी. पिठाचा माग जमिनीवर सरळ, एका रेषेत, चढावर. झाडून काढलं.

२२ ऑक्टोबर

एवाझिओ गेले चार दिवस काझालेच्या हॉस्पिटलात आहे, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. गिल्दोने स्वतः नेऊन सोडलं. किल्ली आता माझ्याकडे आहे, क्लबाला मी दुसरं कुलूपही लावलं आहे, माझं.

मोजमापं लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको.

१८ तारीख: ३१.
१९: ३३.
२०: ३७.
२१: ४०.
आज: ४१.

गोळा मागे जातो आहे. पुन्हा पहिल्या जागी.

फीत बदलून पाहिली. शाळेतली जुनी लाकडी पट्टी लावून पाहिली. ४१. वाळूवर पाऊल नाही, उंदराची शेपूटही नाही. दमटपणाने वाळू फुगते का ते विचारायला हवं. फुगली तरी ती नेमकी ४१ वर थांबणार नाही, हे मला माहीत आहे. दुसरं काही सुचत नाही.

२७ ऑक्टोबर

एवाझिओ परतला. जाडा चष्मा लावून. कुलूप मी काढलं. नाहीतर त्याला संशय आला असता आणि पेपर अर्धा राहिला असता.

नोर्मा सांगते, आज सातलाच तो दुकानात आला, चेहरा पांढराफटक, एका घोटात ग्राप्पा दारूचा पेला संपवला.

"मी म्हटलं, काय झालं काका, भूत बघितलं? तर म्हणाले, 'गेला तरी हट्ट जात नाही त्याचा.' आणि हसले, बाई. आणि मग रडले. मला कळेना फडकं देऊ की पेला."

कोणाबद्दल बोलत होता ते तिने विचारलं नाही. अपूर्णांकांतही हिचं हेच व्हायचं, अर्ध्यावर सोडायची.

३१ ऑक्टोबर

२८ ला ३६. २९ ला ३९. ३० ला ३५. आज ४०.

पहाटे एवाझिओ येतो आणि पुढे सारतो. दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तो मागे जातो. कोणी हात लावत नाही. आज दुपारी दोन ते पाच मी स्वतः खुर्ची टाकून समोर बसले. गोळा हलला नाही. पाच वाजता मोजलं तर एक सेंटिमीटर मागे होता.

आणि त्याचे डोळे आता चांगले आहेत. चष्म्यातून त्याला माझ्या कोटाचं तुटलेलं बटणही दिसलं, असं नोर्मा सांगते. तरी तोच गोळा ढकलतो, दोन वर्तुळांचा. मला समजत नाही. समजत नाही हे वाक्य मी या वहीत लिहिते आहे, ते मला आवडलेलं नाही.

२ नोव्हेंबर

काल मृतांची रात्र. या गावात जेवणानंतर टेबल आवरत नाहीत, गेलेल्यांसाठी चेस्टनट आणि पाणी ठेवतात. मी असलं काही मानत नाही. कंटाळा आला होता म्हणून आवरलं नाही. नोर्माने दिलेले चेस्टनट होतेच. ते सोलून ठेवले, कारण आदेल्मोला सोलायचा आळस होता.

सकाळी सगळं होतं तसंच. फक्त बाहेरच्या दाराचा अडसर निघालेला होता, आणि गोळा उंबऱ्यावर.

उंबऱ्यावर मीही बसले, त्याच्या शेजारी. दगड गार होता. तिथून रस्ता दिसतो आणि वळणावर एवाझिओचं घर. दोनशे पावलं. मी कधी मोजली नव्हती.

६ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहायची राहिली आहे, आणि खूण न करणाऱ्या गिल्दोला मी बोलले आहे, तेव्हा लिहिलीच पाहिजे.

सासूबाई गेल्यानंतरच्या त्या दिवशी दार लावल्यावर आदेल्मोने कोटाच्या दुसऱ्या बाहीत हात घातला होता. मी म्हणाले होते, "त्याच्या दारात गेलास तर परत या दारात येऊ नकोस." रागाने नाही, शांतपणे, गृहपाठ सांगतात तसं. त्याने कोट काढून खुंटीला लावला. नंतर हा विषय कधी निघाला नाही. मला वाटत होतं, विसरला.

तो गावातला सगळ्यात चांगला खेळाडू होता. गिल्दो आज म्हणाला, "त्या डावात आदेल्मोचे गोळे लांबच पडत होते. अकरा-शून्यवर होता, बाई! मग एवाझिओला अकरापर्यंत येऊ दिलं. आम्हाला वाटलं, मजा करतोय."

तब्येत बरी नसणार. हाताला आधीच कळत असेल.

१० नोव्हेंबर

संध्याकाळी शेवटचं मोजलं. ४१. माझा हात तयार आहे. काल वीसपैकी चौदा गोळे मी गोटीपासून वीतभर अंतरात नेले. उद्या एवाझिओ हरेल.

११ नोव्हेंबर

सकाळी दहाला सारं गाव छपराखाली होतं. एवाझिओ बाकाच्या टोकाला, लांब कोटात, खिसा फुगलेला. खिशातून बाटलीचं बूच बाहेर आलेलं मला दिसलं.

गिल्दोने दोरी सोडली, रुमाल घडी करून खिशात ठेवला, आणि फीत लावली. एकदा लावली, दुसऱ्यांदा लावली.

"आदेल्मो अठ्ठावीस. एवाझिओ तीस," तो म्हणाला. "बाई, आदेल्मोचाच जवळ आहे. तुम्ही टाकायचीही गरज नाही. डाव त्याचा. बारा-अकरा."

टाळ्या सुरू झाल्या. एवाझिओ उठला. इतक्या पटकन, की म्हाताऱ्याला शोभेना. हात खिशाकडे गेला. चेहऱ्यावर हसू होतं. हरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तसं हसू कधी पाहिलेलं नाही.

"थांबा," मी म्हणाले.

वही उघडली. चौदा सप्टेंबर वाचून दाखवलं. मग बाकीची मोजमापं, एकही न गाळता. कोण करत होतं त्याचं नाव मात्र घेतलं नाही. सगळे एवाझिओकडेच बघू लागले.

गिल्दो म्हणाला, "बाई, वाळूत खूण नाही. खूण नसली की गोळा जिथे आहे तिथेच धरतात. नियम आहे."

"खूण तुम्ही केली नाहीत. मी केली. ही बघा."

"पण यात नुकसान एवाझिओचं होतंय. त्याची तक्रार नाही."

"नाही माझी तक्रार," एवाझिओ म्हणाला. मग माझ्याकडे वळून, एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा, "राहू दे ना, वहिनी. असाच राहू दे."

त्याचा आवाज आदेल्मोसारखाच आहे. हे मी विसरले होते.

"माझ्या नवऱ्याला फुकटचा गुण नको," मी म्हणाले. "आयुष्यात त्याने कधी घेतला नाही."

गिल्दोने गोळा उचलून एकेचाळीसवर ठेवला. वाळूत रेघ ओढली. या वेळी ओढली. एवाझिओ बाकावर खाली बसला, दोन्ही हात गुडघ्यांत घालून.

मी घरून आणलेला आठवा गोळा हातात नीट धरला. कालपर्यंत तो थंड होता, आज नव्हता. घराचं दार ते हा पट्टा, एवढा वेळ माझ्या हातात होता, म्हणून असेल.

"मारा, बाई," कोणीतरी म्हणालं. "मारून उडवा त्याचा."

"मला मारता येत नाही," मी म्हणाले. गुडघे वाकवले. हात मागे नेला आणि सोडला.

सुटला तेव्हाच कळलं, बरोबर सुटला. याहून चांगला गोळा मी टाकलेला नाही. सरळ, सावकाश, गोटीच्या रोखाने. बाकवाले उठून उभे राहिले. वीतभर उरलं असेल तेव्हा तो डावीकडे वळला. पट्टा तिथे सपाट आहे. पाण्याची बशी ठेवून मी स्वतः तपासला आहे. कोणीतरी खांद्याला धरून हळूच बाजूला नेतं, तसा वळला, आणि थांबला.

गिल्दो फार वेळ वाकलेला होता.

"एकतीस," तो म्हणाला. "एक सेंटिमीटरने. एवाझिओ जिंकला."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जिंकलेला माणूस बाकावर बसून रडत होता. बाटली तशीच खिशात. जिंकेल अशी ज्याला आशा, त्याने बाटली कशाला आणावी?

नोर्माने दाताळं आणून माझ्या हातात दिलं. पट्टा मी पुसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाळू चांगली दाबली. मागे वळून पाहिलं तेव्हा कुठलीच खूण नव्हती.

हरलेल्याने आधी जायचं. आदेल्मो हरला आहे. त्याच्या घरातली मी आहे.

१२ नोव्हेंबर

काल जाणं झालं नाही. जमलं नाही, असं लिहायला हवं.

आज दुपारचं जेवून, तळघरातून आदेल्मोच्या हातच्या बार्बेरा वाइनची शेवटची बाटली काढली. कोट घातला. खुंटीवरचा आदेल्मोचा कोटही काढला, झटकला, आणि का कोण जाणे, हातावर घेऊन निघाले. काल आणून उंबऱ्यावर ठेवलेला गोळा तिथे नव्हता. शोधायला थांबले नाही. दार उघडंच ठेवलं.

एकशे अठ्ठ्याण्णव पावलं. दारासमोर उभी राहून काय म्हणायचं ते मनात जुळवत होते. मला बोलायला कधी शब्द शोधावे लागले नाहीत. ठोठावण्याआधीच दार उघडलं.

एवाझिओ चष्मा पुसत उभा होता. आत टेबलावर ब्रेड, चीज, त्याची बाटली, आणि तीन पेले.

"तेव्हा मी..." मी सुरुवात केली.

"थंडी आहे बाहेर," तो म्हणाला. त्याने चष्मा लावला. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "या, आत या. दोघंही या."

मी मागे वळून पाहिलं नाही. आत गेले. दार हाताने धरून जरा वेळ उभी राहिले, एक माणूस यायला लागतो तेवढा वेळ, आणि मग लावलं.